एका बादलीत अख्खं घर

आनंदीने अठरा वर्षं भांडी चमकवली. कुणाच्या घरची नव्हे, कारखान्यातली. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे गाळे आहेत, त्यातल्याच एकात. पॉलिश होऊन आलेल्या टोपाला मेणाचा काळा चिकटा असतो. तो लाकडाच्या भुशाने ओढून काढायचा, मग खडूच्या पुडीने पुसायचा. पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही, डाग पडतो. एवढ्या वर्षांत तिने इतक्या टोपांत स्वतःचं तोंड पाहिलं की घरच्या आरशाकडे तिचं कधी लक्षच गेलं नाही.

शिमग्याला तो गाळा कायमचा बंद झाला. आठ दिवसांत तिच्या नवऱ्याने, विठूने, नया नगरातल्या एका हॉटेलात ताटं धुवायचं काम बघून ठेवलं. विठू रिक्षा चालवतो, त्यामुळे त्याच्या ओळखी सगळीकडे.

"सोमवारपासून ये म्हणालान मालक. शनवारी संध्याकाळपर्यंत कळवायचा हाय."

"मी नाय जायची. मी आता सोताचा धंदा करनार. लोकांची अख्खी घरं साफ करून देनार. पाडवा तोंडावर आलाय, पायजे तेवढी कामं मिळतील."

"धंदा! पन्नाशीत! पयला गिऱ्हाईक कोन, मी काय?"

"तुजा कोपरा साफ करता करता माजा जीव जायचा. मला जिता ऱ्हायचाय अजून."

पहिलं गिऱ्हाईक मिळालं ते मीरा रोडला, तिसऱ्या मजल्यावर. उर्मिलाताई. परळहून इकडे राहायला आलेल्या, टापटिपीच्या. त्यांच्या मुलीने, इशिताने, आपलं लग्न आपणच ठरवलं होतं, नवऱ्यामुलाचं नाव पराग. शनिवारी चार वाजता परागचे आईवडील पहिल्यांदाच घरी येणार होते. चारच्या आत घर लख्ख झालं पाहिजे! झालं, तर त्याच बिल्डिंगमधली आणखी सहा घरं आनंदीला बोलवायला तयार होती. नाही झालं, तर संध्याकाळी मुकाट हॉटेलवाल्याला हो म्हणायचं.

नऊच्या ठोक्याला आनंदीने बेल वाजवली. उर्मिलाताईंनी दार उघडलं तेव्हा त्यांचा पदर खोचलेला, कपाळावर घाम आणि फरशी ओली चकचकीत.

"या, या! मी पाचलाच उठले हो. पडदे धुतले, चादरी धुतल्या, फरशी दोनदा पुसली. म्हटलं, तुम्ही येणार आणि घर असं घाणेरडं दिसायला नको."

आनंदीने मान वर केली. पंख्याच्या पात्यांवर बोटभर धूळ.

"आणि पंखे, ताई?"

"ते तुम्ही करणार ना!"

"म्हंजे आता ती धूळ ह्या फरशीवर."

उर्मिलाताईंचा चेहरा पडला. साफसफाईवाली येणार म्हणून घर आधीच साफ करून ठेवायचं, हे आपल्याकडे किती जणी करतात, मोजायला जाऊ नये. आनंदीला हसू आलं. ते गिळून तिने मोरीतला नळ सोडला. नळ दोनदा खोकला आणि गप्प बसला. इंटरकॉमवर वॉचमन म्हणाला, "पाइप फटा है मैडम, आज पानी नहीं आएगा. टंकी भी खाली है."

पिंप बघितलं तर कोरडं. सगळं पाणी पडद्यांनी पिऊन टाकलेलं. चहापुरतं फिल्टरमध्ये, आणि भरलेल्या दोनच बादल्या. त्यातली एक पाहुण्यांसाठी मोरीत ठेवायची, म्हणजे हाताशी उरली एक बादली.

उर्मिलाताई स्टुलावर बसल्याच. "मी फोन करते त्यांना. म्हणते, पुढच्या रविवारी या."

"आई, अजिबात नाही!" आतून इशिता ओरडली. "त्याच्या आईला कसंबसं तयार केलंय!"

आनंदी स्वयंपाकघरात ओट्याशी गेली. पहिलं काम, आणि पाणी नाही! सोमवारची खरकटी ताटं डोळ्यांपुढे रांगेत येऊन उभी राहिली. ओट्यावरच्या टाइल्सना वर्षानुवर्षांचं तेल चिकटलेलं. तिने सवयीने त्यावरून अंगठा फिरवला आणि अंगठा तिथेच थांबला. हा चिकटा तिच्या ओळखीचा होता!

"ताई, खाली सुताराचं दुकान हाय ना? दोन पिशव्या भुसा आना. लवकर! आनी खडू."

"खडू?"

"इशिता पोरांचे क्लास घेते ना घरात? फळा दिसतोय तो."

मग जे सुरू झालं ते बघण्यासारखं होतं. आनंदीने जुना उशीचा अभ्रा मागितला आणि पंख्याच्या एकेका पात्यावर चढवून ओढला. धूळ अभ्र्यात, फरशीवर कण नाही. "वरून खाली यायचं, ताई. आनी आधी सगळं कोरडं. पानी सगळ्यात शेवटी." माळ्यावरून डबे उतरले, कपाटांच्या डोक्यावरचा थर गेला. ओट्याच्या टाइल्सवर तिने भुशाचे मूठमूठ गोळे फिरवले. भुसा काळा होत गेला आणि टाइलमधून निळी फुलं वर आली.

"अगंबाई! फुलं आहेत ह्यावर?" उर्मिलाताई ओरडल्या. "सहा वर्षं राहतेय मी इथे!"

इशिताने खलबत्त्यात खडू कुटला. ती पूड कोरड्या फडक्यावर घेऊन आनंदीने नळ, कड्या, गॅसची शेगडी, चिमणीची जाळी घासली. तिघींच्या केसांत भुसा, नाकावर पांढरी पूड. हसून हसून इशिताला उचकी लागली.

दोन वाजता विठूचा फोन. "काय गो, झाला काय? मालक विचारतोय."

"ठेव फोन! मला मरायला टाइम नाय!"

अडीचला तिने बादलीला हात लावला. एकच बादली, तिचे सहा जन्म करायचे होते. राजापूरकडच्या तिच्या गावात विहीर घाटी उतरून होती. पाणी खालून वर आणताना त्याची जी किंमत कळते ती नळाखाली कळत नाही. आधी खिडक्यांच्या काचा आणि आरसे, पाणी स्वच्छ असताना. मग फ्रीज आणि दारं. मग ओटा. त्यात पिळलेलं फडकं घेऊन फरशी, तीही ओलसर भुसा पसरून झाडून काढल्यावर, म्हणजे एकदाच पुसायला लागली. मग बाल्कनी. शेवटी काळंभोर झालेलं पाणी संडासात.

चार वाजायला दहा मिनिटं. बादली पालथी!

आणि बेल वाजली. दहा मिनिटं आधीच!

आनंदीला निघून जायला वाटच राहिली नाही. ती स्वयंपाकघरात दाराआड उभी, केसांत भुसा तसाच. बाहेर या-बसा झालं, पंखा लागला, कुणाच्या डोक्यावर काही पडलं नाही. तेवढ्यात परागची आई, गिरिजाबाई, "जरा पाणी घेते" म्हणत थेट आतच आल्या. पाणी त्यांनी घेतलं नाही. टाइलवरून बोट फिरवलं. मग चिमणीच्या जाळीवरून. बोट डोळ्यांजवळ नेऊन बघितलं.

"हे कोणी केलंय?"

"ह्यांनी," उर्मिलाताईंनी आनंदीला दंडाला धरून पुढे ओढलं. "आनंदीताईंनी. आज पाणी नाहीये आमच्याकडे. एका बादलीत केलंय सगळं."

"एका बादलीत? काहीतरीच!" गिरिजाबाईंनी बोट पुन्हा एकदा टाइलवर घासलं. "आमच्या दहिसरला पण पाण्याची बोंबच आहे. अहो आनंदीताई, पाडव्यानंतर याल का? नाही म्हणू नका. लग्नघर आहे, माणसांची ये-जा सुरू होईल, आणि आमची चिमणी म्हणजे..."

"लग्नघर?" उर्मिलाताईंच्या तोंडून कसंबसं निघालं.

"मग! हेच सांगायला तर आलोय ना आम्ही!"

बाहेर इशिताच्या हातातून चमचा खणकन पडला. परागचे वडील मोठ्याने हसले. उर्मिलाताईंनी आनंदीचा दंड सोडलाच नाही, उलट जास्तच घट्ट धरला.

फोन पुन्हा थरथरला. आनंदी बाल्कनीत गेली.

"अगो, काय सांगू त्याला?" विठू.

"सांग, बायको लग्नाच्या गडबडीत हाय. तिला टाइम नाय."

"आं? कोनाचा लग्न?"

"तू रिक्षा घेऊन ये आधी. दीड पिशवी भुसा उरलाय. सकाळी दुसऱ्या मजल्यावरचा घर करायचाय, त्याला लागंल."