काठ येईना

पाण्याला मी लहानपणापासून भिते. आमच्या जाफराबादला नदी आहे, पण उन्हाळ्यात तिच्यात बकऱ्या चरतात, तिला कोण भिणार? माझी भीती विहिरीची. मी तिसरी-चौथीत असताना शेजारच्या मळ्यातल्या सुनेनं विहीर जवळ केली. तिला वर काढताना मोठ्यांनी आम्हा पोरांना हाकललं, तरी विहिरीत सोडलेले दोर ताणलेले मी पाहिलेच. त्यानंतर आईनं मला कठड्याजवळ फिरकू दिलं नाही. भाऊ मात्र पाठीला वाळका भोपळा बांधून आमच्या विहिरीत उड्या मारायला शिकले. मुलीला पोहता येत नाही याचं कुणालाच काही वाटलं नाही, मलाही नाही.

लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीपायी मी थेट सिडनीला जाऊन पडले. तिथल्या मराठी बायकांच्या हळदीकुंकवात मला कुणीतरी विचारलं की जालना नेमकं कुठे आलं, आणि मी उत्तर द्यायच्या आत कोपऱ्यातून एक बाई म्हणाली, "औरंगाबादच्या अलीकडं न्हाई, पलीकडं." ती आमच्याच जालना जिल्ह्यातल्या वाटूरची निघाली. जगाच्या त्या टोकाला वाटूरची बाई भेटावी, आणि तिनं पहिल्या दहा मिनिटांत मला 'चहा इथला बिलकुल पाणचट' असं सांगावं, यापरतं सुख नव्हतं. आम्ही दोघी, पुण्याची एक आणि नागपूरची एक असा आमचा कंपू जमला.

समुद्रकाठच्या रिसॉर्टवर दोन दिवस राहायचं, पोरं नवऱ्यांच्या गळ्यात बांधून, ही कल्पना पुणेवालीची. नवऱ्यांना पटवण्यात आमचा सगळा हिवाळा गेला. माझ्या नवऱ्यानं शेवटी हो म्हटलं, पण मुलीची वेणी कोण घालणार, हे त्यानं तीनदा विचारलं. मी म्हटलं, दोन दिवस पोर मोकळ्या केसांनी राहिली तर आभाळ कोसळत नाही.

पहिल्या सकाळी त्या दोघी चहा करत खोलीतच रेंगाळल्या आणि वाटूरवाली मला ओढत वाळूवर घेऊन गेली. अंगात ट्रॅकपँट आणि नवऱ्याचे टी-शर्ट. ती गावच्या विहिरीत पोरांच्या बरोबरीनं पोहलेली, तिच्या वडिलांनीच शिकवलेली, त्यामुळे तिचा रुबाब वेगळाच होता. एका जागी लाल-पिवळे दोन झेंडे रोवलेले होते आणि त्यांच्यामध्ये माणसांची गर्दी, अंगावर फुटणाऱ्या लाटा, आरडाओरडा. ते लाल कापड बघून दोघींच्याही मनात एकच आलं. आमच्याकडे विहीर खोदताना सुरुंग लावला की असंच लाल फडकं लावतात आणि माणसं लांब पळवतात. शिवाय तिथे लाटा होत्या. थोडं पुढे मात्र एक पट्टा असा होता की लाट म्हणून नाही, पाणी गडद आणि गप्प.

"हे बघ, बराबर आपल्या विहिरीवानी हाय," ती म्हणाली. "इथं उतर. मी हाय ना."

मी उतरले. तिचा हात धरून गुडघाभर, मग कंबरभर. पाणी थंड होतं, मला हसू येत होतं, आणि आईला हे कधी सांगायचं नाही असं मी ठरवत होते. पुढच्या पावलाला तळ लागला नाही.

लाटेनं उचललं असतं तर मी ओरडले तरी असते. पण आवाज नाही, धक्का नाही, पाणी आम्हाला नुसतं घेऊन निघालं. वाळूवरची माणसं बघता बघता लहान झाली. मी तिच्या गळ्याला मिठी मारली, ती "गळा सोड, गळा सोड" म्हणत होती आणि मी आणखी आवळत होते. मग ती एकदम खाली गेली. तिच्याबरोबर मीही गेले, नाकातोंडात खारं पाणी शिरलं आणि माझे हात आपोआप सुटले. वर आले तर शेजारी कुणी नव्हतं.

नंतर मी दुसऱ्या बाळंतपणात भ्याले, विमान हेलकावलं तेव्हा भ्याले, पण ती भीती आणि ही भीती एक नव्हे. आपण मरतोय हे मला स्पष्ट कळत होतं, आणि डोक्यात काय यावं? ती मळ्यातली सून. मला वाटलं, जाफराबादेत बातमी जाईल आणि बायका पदर तोंडाला लावून म्हणतील, हिनंही तेच केलं, तिकडे काय जाच असेल देवाला ठाऊक. माझी आई ते ऐकेल आणि मी पाय घसरून मेले हे सांगायला तिच्यापाशी कुणी नसेल. मरणापेक्षा त्याचीच मला धडकी भरली.

तेवढ्यात मागून कुणीतरी माझे केस मुठीत धरले.

"हलू नको. बिलकुल हलू नको."

वाटूरवालीच होती. एका हातानं मला ओढत ती किनाऱ्याकडे हात मारायला लागली. मी डोळे मिटून काष्ठासारखी पडून राहिले. बराच वेळ तिचा दम ऐकू येत होता, आधी मोठा, मग तुटका. मी डोळे उघडले तर किनारा होता तिथेच होता, उलट थोडा लांब. तेव्हा ती अगदी हळू, जणू माझी माफी मागत असल्यासारखी म्हणाली, "काठ येईना गं."

ती ज्या विहिरीत शिकली तिथे कुठेही वळलं तरी चार हातांवर धरायला दगड होता. त्यापलीकडे सलग पोहायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. तोवर मी भ्याले होते ते तिच्या भरवशावर. आता तीच भ्यालेली होती आणि माझ्याकडे कुणीच उरलं नाही.

झेंड्यांपाशी राखणीला असलेला एक गोरा माणूस फळीवर पालथा पडून आमच्याकडे आला. त्यानं दोघींचे हात फळीवर ठेवले आणि सरळ किनाऱ्याकडे न नेता आधी आडवं, लाटांच्या दिशेनं नेलं. मग लाटांनीच आम्हाला वाळूवर आणून टाकलं. तो रागावला नाही. त्यानं समजावून सांगितलं की लाटा फुटतात तिथे माणूस सुरक्षित असतो, गप्प पाण्याच्या पट्ट्यातून समुद्र परत जातो, आणि झेंड्यांच्या मध्येच पोहायचं असतं. वाटूरवाली खारं पाणी ओकत होती. ओकता ओकता म्हणाली, "लाल फडकं लावून बोलावतात व्हय माणसाला?" आणि आम्ही दोघी रडत हसलो.

त्या दोघींना आम्ही लाटेनं भिजलो एवढंच सांगितलं. नवऱ्यांना सांगायचं नाही हे तर न बोलताच ठरलं, पुन्हा कधी कुणी जाऊ दिलं नसतं. त्या सहलीच्या फोटोंत मी केस मोकळे सोडून बसलेली दिसते. फार छान दिसतेस, असं नागपूरचीनं म्हटलं होतं. टाळू इतकी दुखत होती की मला केस बांधवत नव्हते.

पुढे आम्ही दोघी भेटत राहिलो, पण त्या सकाळविषयी एक शब्द नाही. काही वर्षांनी दोघींची सुट्टी एकाच वेळी आली आणि मी तिच्या माहेरी वाटूरला गेले. तिच्या भाचीच्या शाळेची सहल कोकणात निघाली होती. परदेशातली आत्या आपल्या बाजूनं बोलेल अशी त्या पोरीला खात्री. आत्यानं न्हाई म्हटलं, आणि अशा काही आवाजात म्हटलं की पोरगी जेवण टाकून उठली.

दुपारी ती मला फाट्यावर सोडायला आली. जालन्याच्या गाडीला अवकाश होता. रसवंतीच्या सावलीत उभं राहून तिनं एकदम विचारलं, "मी बुडी मारली तव्हा तुला काय वाटलं?"

मी सावध झाले. म्हटलं, माझी मिठी सोडवायची ती युक्ती होती, हे मला नंतर भावानं सांगितलं.

"युक्तीच हाय. बापानं शिकवल्ती. गळ्यात पडलेल्याला घेऊन बुडी मारायची, तो सोडतो, मंग मागून केस धरायचे." ती रस्त्याकडे बघत होती. "पण तू सुटल्यावर मी आधी काठाकडं हात मारले. तुझ्याकडं न्हाई."

जीपवाला जालना, जालना ओरडत होता.

"मग का फिरलीस?" मी विचारलं.

"म्हायती न्हाई. तू हाक मारली असती तर म्हणले असते, हाकेला फिरले. तू तर गपच होती. मी का फिरले ते मला आजबी सांगता येईना. मंग पुढच्या येळेला फिरंलच, हे कसं सांगू कुणाला?"

जालन्याची बस आली, थांबली, कंडक्टरनं माझ्याकडे पाहून दार लोटलं आणि गाडी निघून गेली. मी वाटूरवालीचा हात धरून उभी होते आणि तो सोडायची मला भीती वाटत होती.