मास्तरांनी आत घेतलेली कंबर

टेलरमास्तरांना मूत्रपिंडाचा जुना आजार होता, आणि त्याहून जुना आजार होता शहाणपणाचा. डॉक्टरीणबाई एवढंच म्हणाल्या होत्या, "पोट सुटलंय, वजन थोडं उतरवा. पण काय आणि किती खायचं, ते आमच्या आहारतज्ज्ञ बाईंना विचारून." मास्तरांनी पहिलं वाक्य उचललं आणि दुसरं तिथंच टाकून आले. कमी खाल्लं की मूत्रपिंडावरचा भार हलका होतो, असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. उंदरांवर प्रयोग झाला होता म्हणे. उंदरांना जमतं ते मास्तरांना न जमायला काय झालं?

कंबर आत घेणं हे तर रोजचंच काम. ताटातलं अर्धं परत जाऊ लागलं, मग उरलेल्यातलंही अर्धं. दर आठवड्याला कमरेला टेप लावायची, स्वतःचीच पँट उसवून आत घ्यायची आणि गिऱ्हाइकांना गोल फिरून दाखवायची. गिऱ्हाइकं बिचारी वाहवा करायची, कपडे वेळेवर हवे असायचे ना! बायकोने तोंड उघडलं की, "तुला त्यातलं काय कळतंय?" हे ठरलेलं.

खरं सांगायचं तर मास्तर भेदरले होते. याच आजाराने थोरला भाऊ डायलिसिसच्या मशीनला जखडलेला त्यांनी पाहिला होता, आणि शेवटी त्याला स्मशानात पोचवलंही होतं.

रक्ताचा रिपोर्ट आला. मूत्रपिंड किती थकलंय ते सांगणारा क्रिएटिनिनचा आकडा चक्क उतरला होता! उरलीसुरली छाती फुगवून मास्तर बायकोसह दवाखान्यात हजर झाले. डॉक्टरीणबाईंनी कागद बाजूला सारला.

"हात न टेकता खुर्चीतून उठा बघू."

मास्तरांनी जोर लावला. उठता येईना.

"हा आकडा स्नायूंवरही अवलंबून असतो, मास्तर. स्नायू झडले की तोही उतरतो. मूत्रपिंड होतं तसंच आहे. कमी झालात ते तुम्ही."

आहारतज्ज्ञ बाईंची पायरी शेवटी चढावीच लागली. घरी बायकोने त्या बाईंनी सांगितल्याबरहुकूम मास्तरांचं ताट वाढलं. स्वतःच्या ताटात मात्र चिमूटभरच घेतलं.

"एवढंच?" मास्तर म्हणाले.

"सवय झालीय. तुम्ही उपाशी उठणार, आणि माझ्या घशाखाली घास उतरणार होय?"

मास्तरांनी पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. त्यांनीच बेतून शिवलेले कपडे तिच्या अंगावर लोंबत होते.

"कधीपासून?"

"तुमच्याबरोबरच," ती म्हणाली.