भनपुरीची कॅप्टन

"गेट बंद करो," डायरेक्टर सरांनी चौकीदाराला सांगितलं, तेव्हा भनपुरीची पोरं जेमतेम रस्ता ओलांडत होती.

मी रायपुरातल्या एका खाजगी शाळेत प्रिन्सिपल होते. उशिरा येणाऱ्यांनी आम्हाला हैराण केलं होतं. दंड केला, उन्हात उभं केलं, पालकांना बोलावलं. पालथ्या घड्यावर पाणी! शेवटी मी स्टुडंट कौन्सिलला, म्हणजे मुलांनीच निवडलेल्या प्रतिनिधींना म्हटलं, नियम तुम्ही करा. त्यांनी भलताच नियम केला. एका पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या मुलांनी मिळूनच यायचं. मोठ्यांनी लहानांना घरून आणायचं. एक लेट तर सगळे लेट, आणि मग सगळ्यांनी मधल्या सुट्टीत वर्ग झाडायचे. डायरेक्टर सरांनी सहीसुद्धा केली. थोड्याच दिवसांत उशीर जवळपास संपला. मी तर हरखून गेले होते.

प्रत्येक पाऱ्याच्या टोळीला एक कॅप्टन. भनपुरी पाऱ्याची कॅप्टन होती नववीतली वैष्णवी. तिच्या टोळीत दुसरीतली राणी. राणीची आई पहाटेच फॅक्टरीत जायची, म्हणून पोरीची वेणीसुद्धा वैष्णवीच घालायची.

गेट बंद झालं त्या दिवशी नेमके सरांसोबत पाहुणे होते.

"काहून उशीर झाला गं?" मी गेटच्या आतून विचारलं.

"राणीची चप्पल तुटली, मॅडम. ट्रक चालून राहिले होते. तिले सोडून कशी येऊ?"

"नो एक्सक्यूज. सब घर जाओ," सर म्हणाले.

"सर, लेट आए तो झाड़ू लगाएँगे, ये नियम है. आपने साइन किया था," वैष्णवी म्हणाली.

"नियम तुम्हारा होगा, बेटा. स्कूल मेरा है."

मी खूप विनवलं. गेट उघडलं नाही. लेकरं ट्रकांच्या त्याच रस्त्यानं परत गेली. आजही आठवलं की जीव तुटतो.

दुसऱ्या दिवशी भनपुरीची मुलं वेळेच्या आधी हजर. एकेकटी. राणी नव्हती.

"तिले नाही आणलं?"

"आता आपापलं यायचं, मॅडम. काल मले घरी मार पडला." वैष्णवीनं मान वर केली नाही.

मी राणीच्या घरी गेले. आई म्हणाली, "एवढीशी पोट्टी एकटी कशी पाठवू, मॅडम?" तिनं पोरीचं नाव शाळेतून काढून घेतलं. हळूहळू बाकीच्या पाऱ्यांच्या टोळ्याही मोडल्या. कौन्सिलच्या मीटिंगला मुलं यायची, प्रत्येक गोष्टीला "हव मॅडम" म्हणायची आणि निघून जायची.

वर्षाअखेरीस सर खुशीत म्हणाले, "देखा मैडम? लेट आनेवाले खतम!"

खोटं नव्हतं ते. उशीर बंद करायला हा उपाय हमखास लागू पडतो. ज्या लेकरांना हात धरून आणावं लागतं, त्यांना कोणी आणू नये, बस्स.