लॉर्ना मिसनी नापास केलेला कोर्स

स्वतःचा कोर्स स्वतःच नापास करणारी एकच बाई मी आयुष्यात पाहिली.

लॉर्ना मिस.

आज सकाळी त्या गेल्या.

मिस गिरगावच्या, तिथल्या जुन्या ख्रिश्चन घरातल्या. परळच्या हॉस्पिटलात आयुष्यभर नर्स. रिटायर झाल्यावर एका ट्रस्टसाठी त्यांनी कोर्स काढला. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटला घरी कसं सांभाळायचं. शिकायला यायच्या लालबाग-वरळीच्या बायका, हेच काम करून घर चालवणाऱ्या.

मी त्यांची असिस्टंट. नुकतंच एम.एड. झालेलं, डोक्यात हवा. स्लाइड्स माझ्या, नोट्स माझ्या, शेवटचा पेपरसुद्धा मीच काढलेला.

पहिली बॅच. सगळ्या पास.

मी घरी पेढे नेले. आता रिपोर्ट दिला की पुढच्या वर्षाची मंजुरी, आणि माझी नोकरी पक्की.

मिस म्हणाल्या, "रिपोर्ट थांबव. आधी कोणाच्या तरी घरी जाऊन येऊ."

"कशाला मिस? रिझल्ट आलाय ना."

"तो पेपरचा रिझल्ट गो. कोर्सचा अजून लागायचाय."

वरळीला बीडीडी चाळीत गेलो. रेखा, आमच्या बॅचमध्ये पहिली आलेली, तिथे एका आजींना सांभाळत होती.

आजींच्या कमरेखाली जखम झाली होती. एकसारखं पाठीवर पडून राहिलं की होते ती.

मिसनी विचारलं, "रेखा, पेशंटची कूस किती वेळाने बदलायची?"

"दर दोन तासांनी, मिस." खाडकन उत्तर. पेपरातही तिने हेच लिहिलं होतं.

"मग?"

रेखाने मान खाली घातली. "एकटीला नाय जमत, मिस. आणि जरा हलवलं की आजी ओरडतात. मग त्यांची सून बोलते, राहू दे, झोपू दे त्यांना."

मला रेखाचा भयंकर राग आला. एवढं शिकवून काय उपयोग!

मिसनी घड्याळ काढून पर्समध्ये टाकलं, "आजी, जरा त्रास देते हां" म्हणाल्या, आणि स्वतः कूस बदलायला गेल्या.

जमेना.

आमच्या क्लासमधला पलंग खोलीच्या मधोमध असायचा. दोन बाजूंना दोन बायका. इथे पलंग भिंतीला चिकटलेला, आणि करणारी एकटी.

एवढी वर्षं वॉर्ड सांभाळलेली बाई घामाघूम होऊन उभी राहिली. मग रेखाला म्हणाली, "तू पास आहेस. मी तुला हॉस्पिटल शिकवलं. घर शिकवलंच नाही."

त्याच संध्याकाळी ओळखीच्या डॉक्टरांना घेऊन मिस परत तिथे गेल्या.

मी मात्र रिपोर्ट टाइप केलाच. सगळ्या पास, कोर्स यशस्वी. सहीसाठी टेबलावर ठेवला.

मिसनी शेवटपर्यंत वाचला. आवाज न चढवता म्हणाल्या, "करते सही. आधी हा त्या आजींना वाचून दाखवून ये."

मी गेले नाही.

मग त्यांनी स्वतः लिहिला. हाताने, एका पानात. बायका शिकल्या, कोर्स नापास, चूक माझी.

ट्रस्टने कोर्स बंद केला. माझी नोकरी गेली.

दोन महिने मी त्यांचा फोन उचलला नाही.

एक दिवस त्या लालबागला आमच्या चाळीत आल्या. तीन जिने चढून, धापा टाकत. आईने पाणी दिलं. ते पिऊन मला म्हणाल्या, "रागावलीस ना? राग धर. पण उद्या भोईवाड्यात ये. मला एक सून पाहिजे."

भोईवाड्यात कोणाची तरी खोली मागून घेतलेली. पलंग मुद्दाम भिंतीला लावलेला.

शिकवत होती रेखा.

आणि पलंगावर पेशंट म्हणून मिस! साठी उलटलेली बाई, अंग पूर्ण सैल सोडून.

मी सून. माझं काम एकच, मध्ये मध्ये ओरडायचं, "राहू दे, झोपू दे त्यांना!"

प्रत्येक बाईने एकटीने मिसची कूस बदलायची, आणि माझ्याशी बोलून मला पटवायचंही.

रेखाने युक्ती शोधली होती. आधी पेशंटचा गुडघा दुमडायचा, मग खांदा आणि कंबर धरून आपल्याकडे वळवायचं. भिंतीकडे वळवायचं तर अंगाखाली घडी केलेली चादर, तीच धरून उचलायचं. पहिल्या बाईने जोरात ओढलं तर मिस खरंच कळवळल्या. "अगो, मी जिवंत आहे!" सगळ्या हसल्या. मिस म्हणाल्या, "परत कर."

दिवसभर त्या बायका मिसना इकडून तिकडे वळवत होत्या. मी बघतच राहिले. आपलं काय चुकलं हे शोधायला एखादी बाई स्वतःचं अंग असं विद्यार्थिनींच्या हातात देते, हे मी एम.एड.च्या कुठल्याच पेपरात वाचलं नव्हतं.

पेपर नव्हताच. मिस म्हणाल्या, "मी तुमच्या पेशंटच्या घरी येईन. कधी ते सांगणार नाही."

आणि गेल्या. प्रत्येकीकडे. कुठे काही जमत नसलं तर त्या बाईला बोल लावायच्या नाहीत, परत येऊन कोर्स बदलायच्या.

आजींची जखम भरायला बरेच महिने लागले. पण भरली. पुढे ट्रस्टने कोर्स पुन्हा घेतला. आज तो रेखा चालवते. मी दुसरीकडे कोर्स बनवते, आणि दर वेळी मनातून घाबरते. मिसमुळेच.

गेल्या रविवारी त्यांना भेटले. म्हटलं, "मिस, तेव्हा फोन उचलला नाही. सॉरी."

त्या म्हणाल्या, "तुझी नोकरी जाणार हे मला माहीत होतं गो. ते पान लिहिताना तुझाच चेहरा समोर होता. तरी लिहिलं."

इतक्या वर्षांत हे त्या कधीच बोलल्या नव्हत्या.

दुपारी चार वाजता गिरगावच्या चर्चमध्ये प्रार्थना आहे. रेखा सकाळपासून तिथेच आहे. मी आता निघते.

मिस, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत.

शांत झोपा.