मोठे टायर आणि सीतादही

गेल्या वर्षी घटस्थापनेच्या आदल्या रविवारी जुन्या जालन्यातल्या एका टायरच्या दुकानात अठ्ठावीस हजार रुपये रोख देऊन जीपसाठी चार वापरलेले मोठे टायर घेतले. हजर चौघे होतो: मी, माझा धाकटा भाऊ, दुकानदार आणि टायर बदलेपर्यंत दुकानाबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेली आई. पैसे भावाचे होते. मोजले मी.

भाऊ गावाकडची शेती पाहतो. आमचं गाव हसनाबादच्या पुढं आहे. मी एका भुसार दुकानात हिशेबाचं काम करतो आणि जालन्यातच राहतो. आई माझ्याकडं असते, कारण तिच्या गुडघ्यांचा डॉक्टर इथं आहे. पण हे फक्त तिच्या मुक्कामाचं झालं. ती असते शेतात. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ढग पाहून ती सांगायची, आज आपल्याकडं पडला असेल. आणि भावाला फोन केला, की भाद्रपद लागल्यापासून तिचा एकच प्रश्न असायचा, "बोंडं फुटली का रे?"

हा प्रश्न नुसता पिकाचा नव्हता. कपाशीची पहिली वेचणी सुरू करण्याआधी आमच्याकडं सीतादही करतात. घरातली बाई सकाळी शेतात जाते, कपाशीच्या झाडाखाली पाच खडे मांडते, हळद-कुंकू वाहते, दही-भात शिंपडते आणि मग पहिलं बोंड वेचते. त्या पहिल्या कापसाच्या वाती वर्षभर देवापुढं लागतात. आई लग्न होऊन आली तेव्हापासून हे तिनंच केलं. मी लहान असताना त्या दिवशी शाळा बुडवून बैलगाडीत बसायचो. गाडीत गोणपाट असायचं, पातेल्यावर ओला फडका असायचा, आणि आई गाडीच्या मागच्या टोकाला पाय सोडून बसायची. नाला आला की वडील खाली उतरून बैलांच्या पुढं चालायचे. त्या सकाळचा वास मला अजून आठवतो. दही, ओली माती आणि बैलांचं अंग, असा सगळा मिळून तो वास होता. तसा पुन्हा कुठं मिळाला नाही.

वडील गेले, मग बैल विकले, मग आईचे गुडघे गेले. गावापासून शेतापर्यंत पाणंद आहे, दोन किलोमीटरला थोडी कमी. काळी माती. परतीचा पाऊस होऊन गेला की त्या पाणंदीतून माणसाची चप्पल निघत नाही. दोन वर्षं सीतादही वहिनीनं केलं, म्हणजे भावाच्या बायकोनं. दोन्ही वर्षी आईनं फोनवर तिला विचारलं, "कोणत्या कोपऱ्यात मांडलं?" उत्तर ऐकून ती बराच वेळ फोन हातात धरून बसली होती.

त्या पाणंदीतून एक वाहन मात्र रोज जात होतं. आमच्या चुलतभावाचा ट्रॅक्टर. त्याचं शेत आमच्याला लागून आहे. मोजणी झाली तेव्हा बांध दोन फूट कोणाकडं सरकला यावरून भावाची आणि त्याची बोलचाल बंद झाली. लग्नकार्यातही दोघं एका पंगतीला बसत नसत. आईला ट्रॉलीत बसवून न्यायला त्याला सांगणं हा सगळ्यात सोपा उपाय होता, आणि तो आमच्या घरात कोणी तोंडातून काढत नव्हतं. त्याऐवजी भावानं टायर शोधले. ट्रॅक्टर जातो तो मोठ्या चाकांमुळं, मग जीपला मोठी चाकं लावली की जीपही जाईल, असा त्याचा सरळ हिशेब होता.

जीप जुनी, डिझेलची, चारही चाकांना ताकद देणारी. तिच्या मूळच्या टायरची उंची पावणेअठ्ठावीस इंच. हे नवे एकतीस इंची, आणि रुंदीलाही दोन इंचांनी जास्त. दुकानदार म्हणाला की आडवं वळण घेताना पुढचं चाक मडगार्डला घासेल, म्हणून पत्रा थोडा कापावा लागेल. त्यानं तो कापला. मी विचारलं, वर चिखल बसला तर? तो म्हणाला, चिखल काय, फिरत्या चाकावर थांबत नसतो.

मी ब्रेकचं विचारलं. चाक जितकं मोठं आणि जड, तितकी ते थांबवायला जास्त ताकद लागते, आणि ब्रेक तर जुनेच होते. विम्याच्या माणसाला मी आदल्या दिवशी फोन केला होता. गाडीच्या कागदांत आहे त्यापेक्षा वेगळ्या मापाचे टायर लावले आणि काही झालं, तर भरपाईला अडचण येईल, असं तो म्हणाला होता. हे सगळं मी दुकानात सांगितलं. भाऊ हसला.

"दादा, तू ब्याज काढ. चिखलातून गाडी मी काढतो."

आई खुर्चीतून गाडीकडं पाहत होती. टायर चढल्यावर गाडी दीड इंचानं उचलली गेली होती. माझ्या दृष्टीनं दीड इंच म्हणजे कागदावरचा आकडा. तिनं मात्र पायरीकडं पाहिलं आणि म्हणाली, "ह्या रथावर चढू कशी मी?" दुकानदारानं लाकडी पाट आणून दिला. तो पाट आम्ही गाडीतच ठेवला.

गावाकडं जाताना भोकरदनच्या रस्त्यावर मी किलोमीटरचे दगड पाहत बसलो. दगड दहा गेले तरी गाडीच्या मीटरवर नऊसुद्धा पुरे झाले नव्हते. म्हणजे काटा साठ दाखवत होता तेव्हा आम्ही सदुसष्टनं चाललो होतो. मी भावाला सांगितलं. त्यानं काट्याकडं पाहिलं, आईकडं पाहिलं आणि वेग कमी केला. पुढं एका वळणावर पुढच्या डाव्या चाकातून घर्र असा आवाज आला. आई म्हणाली, ही घोरायली. भाऊ म्हणाला, नवीन हाय, बसंल बराबर.

नवरात्रात दोन दिवस पाऊस झाला. तिसऱ्या दिवशी उघडलं आणि बोंडं फुटलेली होती. आई पहाटेपासून तयार होती. तिनं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं. वहिनी आणि वेचणीच्या दोन बाया पुढं चालत गेल्या. पाटावर पाय देऊन आई पुढच्या सीटवर चढली, दही-भाताचं पातेलं तिनं मांडीवर घेतलं, आणि मी मागं बसलो. गावाची शेवटची घरं मागं पडली तेव्हा ती मागं वळून माझ्याकडं पाहून हसली. ते हसू मी आजही डोळ्यांपुढं आणू शकतो. बैलगाडीत असायची तशी ती त्या क्षणी होती.

पहिला किलोमीटर गाडी छान चालली. भाऊ माझ्याकडं आरशातून पाहत होता. मग माती बदलली. काळी माती टायरच्या खाचांत भरत गेली, आणि भरली की निघेना. थोड्या वेळानं टायर चारही बाजूंनी गुळगुळीत झाले. बैलगाडीचं चाक अरुंद असायचं, ते चिखल कापून खालच्या कडक थराला टेकायचं. जुने टायरही पुष्कळसे तसेच होते. हे रुंद टायर चिखलाच्या वरच राहिले आणि तरंगल्यासारखे घसरत चालले. आणि कापलेल्या पत्र्याच्या आत, चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये, माती थापत गेली.

नाल्याच्या आधी उतार आहे आणि उतारावरच उजवीकडं वळण आहे. भावानं ब्रेक दाबला. गाडी हळू झाली, थांबली नाही. त्यानं स्टेअरिंग फिरवलं. अर्ध्यातून पुढं ते फिरेना. मातीनं आणि तिच्यातल्या एका दगडानं चाक पत्र्यात पाचर मारल्यासारखं अडकलं होतं. गाडी वळलीच नाही. सरळ काठाकडं गेली, डावं पुढचं चाक काठाखाली उतरलं, गाडी आईच्या बाजूला कलली आणि बाभळीच्या झुडपाला टेकून राहिली.

आवाज फार झाला नाही. मी मागून आईचा खांदा धरला होता. भाऊ उतरून पलीकडून आला. आईला काही लागलं नव्हतं. निम्मा दही-भात तिच्या लुगड्यावर सांडला होता. आम्ही दोघांनी तिला भावाच्या बाजूनं बाहेर काढलं आणि गोणपाट अंथरून दगडावर बसवलं.

नाल्यापलीकडं आमचं शेत दिसत होतं. पांढरं झालेलं. चारशे-साडेचारशे मीटर असेल. मध्ये नाल्याचा चिखल.

भाऊ तिच्यापुढं पाठ करून उकिडवा बसला. म्हणाला, बस पाठीवर, नेतो.

"मी काय कापसाचं गाठोडं हाय का?" आई म्हणाली. "तू घसरशील आन् मलाबी पाडशील. ऊठ."

गाडी कललेली पाहून वहिनी परत आली होती. आईनं उरलेल्या दही-भाताचं पातेलं तिच्या हातात दिलं. उन्हं वर येण्याआधी करून घे, नाहीतर दही आंबेल, एवढंच सांगितलं. वहिनी नको म्हणत होती, आई ऐकेना. मग आम्ही तिघं तिथं बसून पाहत राहिलो. शेतात तीन बाया वाकलेल्या दिसत होत्या. आईनं कपाळावर हात आडवा धरला होता.

"खालच्या कोपऱ्यात मांडायली ती," आई म्हणाली. "मी वरच्या मांडायची."



बाया परत निघाल्या तेव्हा मागून ट्रॅक्टर आला. चुलतभाऊ. त्यानं जीप पाहिली, भावाकडं पाहिलं नाही. साखळी काढली, जीप मागं ओढून वर घेतली. मग ट्रॅक्टर बंद करून आईजवळ आला आणि तिच्या पाया पडला.

"काकू, एक फोन करायचा ना मला. ट्रॉलीत बाज टाकून नेलं असतं."

"मला कुठं फोन लावता येतो," आई म्हणाली. "ज्यांना येतो त्यांची बोटं जड झाल्ती."

भाऊ जीपच्या चाकातली माती काठीनं उकरत होता. त्यानं मान वर केली नाही. चुलतभाऊ म्हणाला, अजून काही बिघडलं नाही, आता नेतो, चला. त्यानं ट्रॉलीचं मागचं फळकं पाडलंसुद्धा. आईनं नको म्हणून हात हलवला.

"झालं आता. सीतादही दोनदा नसतेत मांडीत."

ट्रॉलीतूनच ती घरी गेली, शेताकडं पाठ करून. वहिनीनं पहिला कापूस तिच्या ओटीत घातला. तिनं तो वाटभर दोन्ही हातांत धरला होता, पण त्याच्याकडं पाहत नव्हती.

जीपच्या स्टेअरिंगचा आडवा दांडा वाकला होता आणि पुढच्या चाकाचं बेअरिंग गेलं होतं. हसनाबादच्या मिस्त्रीनं सात हजार सहाशे घेतले आणि जुने टायर परत चढवले. मोठे टायर गोठ्यात, बैलांच्या जागी, रचून ठेवले. भाऊ महिनाभर फार कोणाशी बोलला नाही. दिवाळीनंतर एक दिवस त्यानं मला फोन करून सांगितलं, "दादा, मी त्याच्याकडं गेल्तो." कोणाकडं ते मी विचारलं नाही. बांधावरून काही ठरलं नव्हतं. बोलणं फक्त पाणंदीचं झालं होतं: मुरूम टाकायचा, खर्च निम्मा-निम्मा. मे महिन्यात मुरूम पडला आणि नाल्यात पाइप बसला. या ऑगस्टमध्ये ऐन पावसात भाऊ जुन्या टायरांवर जीप घेऊन बांधापर्यंत जाऊन आला.

रस्ता झाला आहे. आईच्या गुडघ्यांनाही तिथवर गाडीतून जायला हरकत नाही असं डॉक्टर म्हणतात. आम्ही तिला दोनदा सांगितलं. ती म्हणते, तुम्ही करून या, सुनेनं बराबर मांडलं होतं. भाद्रपद संपत आला तरी तिनं बोंडांचं विचारलेलं नाही. खिडकीतून ढग पाहते, पण कुठं पडला असेल ते सांगत नाही. हल्ली भावाचा फोन आला की मीच जरा मोठ्यानं विचारतो, बोंडं फुटली का रे. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबतो. मी वाट पाहतो. मग आवाज पुन्हा सुरू होतो.

गेल्या सोमवारी मुरमाचा हिशेब पुरा झाला. एकूण चौसष्ट हजार, आमच्या वाट्याला बत्तीस. त्यातले सतरा हजार मोठे टायर विकून आले होते, ते उन्हाळ्यातच दिले. राहिलेले पंधरा हजार भावानं स्वतः चुलतभावाच्या ओसरीवर जाऊन त्याच्या हातात दिले.