दहीभाताचा वन्स मोर

"मॅडम, बेशुद्ध पडताना हिनं डावीकडं पडायचं का उजवीकडं?"

शेखर सरांनी मला तालमीला बोलावलं होतं ते हे विचारायला. सर कॉलेजात शिकवतात आणि संध्याकाळी नाटकं बसवतात. या वेळी संगीत नाटक होतं. पंधरा वर्षांची मुलगी जेवण सोडते आणि घरातले सगळे गात गात तिला सावरतात. मी आहारतज्ज्ञ. कोल्हापुरात माझं क्लिनिक आहे. जाहिरातीत "तज्ज्ञांच्या मार्गदर्शनाखाली" असं छापायचं होतं, म्हणून मी.

मी म्हटलं, जिकडं गादी टाकली असेल तिकडं पडू दे.

या आजाराला अ‍ॅनोरेक्सिया म्हणतात. जाड होण्याच्या भीतीनं मुलगी खाणं तोडत जाते, आणि हाडं दिसायला लागली तरी भीती जात नाही. नाटकात हे सगळं बासरीवर होतं. मुलगी निळ्या प्रकाशात आरशासमोर गाते आणि फार सुंदर दिसते. माझ्याकडं येणाऱ्या मुली सुंदर दिसत नाहीत. त्यांचे केस गळतात, हात गार पडतात, त्या आईवर खेकसतात. शेवटच्या अंकात आई दहीभाताचा घास पुढं करून गाते, मुलगी तो घेते आणि बरी होते. एक गाणं, एक घास. असला घास मला सापडला असता तर मी क्लिनिक कधीच बंद केलं असतं.

निळा प्रकाश काढा, तिला सुंदर दाखवू नका, असं मी सांगितलं. सर म्हणाले, तुम्ही फारच सायंटिफिक बघता.

आईचं काम वैशाली करत होती. ग्रुपमध्ये कुणाला माहीत नव्हतं, पण तिची स्वतःची मुलगी सई याच आजारासाठी माझी पेशंट होती. दोघींना विचारूनच हे लिहिते आहे, नावं बदलली आहेत. मानसोपचाराचे डॉक्टर आणि मी मिळून सईला बघत होतो. यातलं मुख्य औषध अगदी कंटाळवाणं असतं. रोज रात्री आईनं ताटासमोर बसायचं. विनवायचं नाही, भांडायचं नाही, मुलीचं जेवण होईपर्यंत उठायचं नाही. आणि तालीम नेमकी जेवणाच्या वेळेला.

"सासूबाई बसतात की," वैशाली म्हणाली.

सासूबाई बसत होत्या ते सीरियल बघत. ताटातलं पोटात जात नव्हतं हे वजनकाट्यावर दिसत होतं.

मी वैशालीला क्लिनिकमध्ये बसवून स्पष्ट सांगितलं, वजन असंच उतरत राहिलं तर सईला अ‍ॅडमिट करावं लागेल. ती रडली. मग म्हणाली, या भूमिकेमुळं मला सईचं दुःख आतून कळायला लागलंय. मी म्हटलं, कळू दे, पण रात्री घरी कधी थांबताय ते सांगा. प्रयोग एकदा होऊ दे, म्हणाली.

प्रयोगाला सई माझ्या शेजारी बसली होती. उकाडा होता, तरी अंगात स्वेटर. दहीभाताचं गाणं संपलं. बायका नाक ओढत होत्या. मागून कुणीतरी ओरडलं, "वन्स मोर!" संगीत नाटकात ही पद्धतच आहे. गाणं आवडलं की पुन्हा म्हणायला लावायचं. पेटी सुरू झाली. बरी झालेली मुलगी मुकाट्यानं पुन्हा आजारी होऊन बसली. वैशालीनं पुन्हा भात कालवला. मुलगी पुन्हा बरी झाली. टाळ्या पहिल्यापेक्षा जोरात.

सई स्टेजकडं बघतच म्हणाली, "घरी एकदा बसत न्हाई. इथं दोनदा भरवतीया."

मी विचारलं, "आईला सांगू?"

"सांगा की."

मेकअप रूममध्ये पेढे चालले होते. मी वैशालीला बाजूला घेतलं आणि सईचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. माझं काही जोडलं नाही. ती कापसानं तोंडावरचा रंग पुसत होती. अर्धा पुसून थांबली.

"कुठाय ती?"

"बाहेर पायरीवर."

तसल्याच अर्ध्या रंगलेल्या तोंडानं गेली.

पुढचा प्रयोग आजऱ्याला होता. वैशालीनं घरची अडचण सांगून काम सोडलं. सरांचा मला फोन आला. ऐन वेळी दगा दिला, म्हणाले, आता आईच्या वेदनेला न्याय कोण देणार? मी म्हटलं, गाणारी बाई मिळेल. मिळाली. तिलाही वन्स मोर मिळाला.

इकडं पहिल्या आठवड्यात ताट दोनदा जमिनीवर आलं. वैशालीनं फरशी पुसली, दुसरं ताट वाढलं आणि परत समोर बसली. रोज रात्री. ऐकायला कुणी नव्हतं आणि टाळ्याही नव्हत्या. सईचं वजन उतरायचं थांबलं, मग सावकाश चढायला लागलं. अ‍ॅडमिट करावं लागलं नाही. पूर्ण बरी अजून नाही. या आजाराला तीन अंक पुरत नाहीत.

परवा सरांचा पुन्हा फोन आला. नवं नाटक मधुमेहावर आहे, मार्गदर्शन कराल का, म्हणाले.

मी आधी तालमीची वेळ विचारली.