चौथ्या मजल्याची चिप

माझा काका लिफ्ट चालवायचा. लिफ्टला लिफ्ट म्हटलेलं त्याला खपायचं नाही. तो तिला गाडी म्हणायचा, आणि ती अडखळत चालली की "आज तिचं अंग दुखतंय" असं सांगून लोकांना जिन्याने पाठवायचा. सात मजल्यांची ऑफिसांची इमारत, जाळीचे सरकते दरवाजे, आत एक स्टूल. माणसांच्या तोंडाकडे तो फारसं बघत नसे, चपलाबुटांवरून ओळखायचा. एखाद्याने नवे बूट घेतले की त्या बिचाऱ्याला आपला मजला सांगावा लागायचा. माझे आईवडील लवकर गेले, म्हणून मी काका-काकूंकडेच वाढले. पुढे त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, एका विमा एजंटाकडे टायपिंगला लागले. ती नोकरीही काकाने अशाच एका बुटाच्या ओळखीवर मिळवून दिलेली.

काकू चौथ्या मजल्यावर, कवळ्या बनवायच्या कारखान्यात होती. दातांच्या डॉक्टरांकडून ठसे यायचे, ती त्यात प्लास्टर ओतायची, मग मेणात एकेक दात बसवायची. तिच्या हातची कवळी तोंडात बसली की जागची हलायची नाही. इमारतीच्या म्हाताऱ्या मालकांचे दात तिनेच केलेले, म्हणून ते तिला फार मान द्यायचे. जेवणाच्या सुट्टीत काका गाडी घेऊन वर जायचा, काकू डबा घेऊन आत शिरायची, आणि दोघं तळमजल्यावर जिन्याखाली बसून जेवायची. जेवताना भांडायचीही, पण आवाज न चढवता.

मग काकू गेली. छातीत दुखतंय म्हणाली, आणि दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं होतं. वर्ष व्हायच्या आत तो कारखानाही बंद पडला आणि चौथ्या मजल्याला कुलूप लागलं. काचेच्या दारातून आत बघितलं की फळ्यांवर मांडलेले प्लास्टरचे जबडे दिसायचे, वरचे आणि खालचे, जोडीजोडीने. ते कोणी नेलेच नाहीत.

मग लोकांच्या लक्षात आलं की दुपारी गाडी आपणहून चौथ्यावर थांबते. बटण कोणी दाबलेलं नसायचं. बाहेर कुलूपबंद मजला, बोळात दिवा नाही. काका मुकाट्याने जाळी सरकवायचा, एक माणूस आत यायला जेवढा वेळ लागतो तेवढा थांबायचा, जाळी ओढायचा आणि गाडी खाली न्यायचा. पाचव्यावरच्या वकिलांची पाचावर धारण बसली. ते हातात फायलींचा गठ्ठा घेऊन जिना चढायला लागले. त्यांची ढेरी जरा उतरली, एवढाच काय तो फायदा.

मला या सगळ्याची चीड यायची. लोकांना चघळायला काहीतरी लागतंच, पण काकाने त्यांना हातभार का लावावा? एकदा मुद्दाम त्या वेळी मी त्याच्याबरोबर गाडीत बसले. सातव्यावरून खाली निघालो आणि चौथ्यावर गचका बसून गाडी थांबली. काकाने जाळी उघडली. बोळातून मेणाचा आणि ओल्या प्लास्टरचा वास आला. बंद जागेत वास राहतो, हे मला कळतं. पण काका जाळी ओढून हळूच म्हणाला, "चल." ते मला उद्देशून नव्हतं. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, तर तो खुशीत होता. मला खरी भीती वाटली ती तेव्हा.

शेवटी भाडेकरूंनी तक्रार केली आणि मालकांनी मेकॅनिकला बोलावलं. गच्चीवरच्या खोलीत लिफ्टचं यंत्र होतं, शेजारी तिच्या वायरिंगचं लोखंडी कपाट. मेकॅनिकने कपाट उघडलं आणि आत डोकावून शीळच घातली. धुळीने काळ्या झालेल्या पट्टीवर एक पांढरीशुभ्र चिप होती, वर सोन्याचं चौकोनी झाकण. त्याने फोटो काढून कोणाला तरी पाठवला, आणि दोनच दिवसांत एक किडकिडीत गृहस्थ हजर झाले. आल्याआल्या त्यांनी पांढरे हातमोजे चढवले. मी त्यांचं नाव हातमोजेच ठेवलं. ते जुन्या संगणकांचे प्रोसेसर जमवायचे. त्या चिपकडे ते असे बघत होते, की शेजारी लग्नाची बायको उभी असती तर तिने माहेरची वाट धरली असती.

"एवढी काय ही वेगवान आहे?" मी विचारलं.

"छे हो! तुमच्या मोबाइलपुढे ही काहीच नाही."

"मग एवढी किंमत कसली?"

"उरल्या नाहीत ना! ज्या लाखांनी बनल्या त्यांना कोण विचारतो? ही चाचणीसाठी काढलेली पहिली खेप. ही खूण बघा, नेहमीचा नंबरसुद्धा नाही हिच्यावर. नंतर कळलं की हिच्यात खोट आहे, तापली की हिशेब चुकते. कंपनीने सगळ्या परत मागवून चुरा केला. ज्या सुटल्या, त्या भंगारवाल्यांनी चिमूटभर सोन्यासाठी ॲसिडात बुडवल्या. अशी अजून एक तरी कुठे आहे का, मला ठाऊक नाही."

"म्हणजे खोट होती म्हणून मोल आलं?"

"खोट होती म्हणून नाहीशी झाली. नाहीशी झाली म्हणून मोल आलं."

काका कोपऱ्यात उभा राहून ऐकत होता. "तापली की काय होतं म्हणालात?" त्याने विचारलं.

हातमोजेंनी ते करूनच दाखवलं. दुपारी पत्र्याखाली ती खोली भट्टीसारखी तापायची. त्यांनी चिपसमोर टेबलफॅन लावला. गाडी वरखाली पाठवली. चौथ्यावर थांबली नाही. पुन्हा पाठवली, नाही थांबली. मग पंखा बंद करून आम्ही घाम पुसत बसलो, आणि थोड्या वेळाने गाडी सुटली ती थेट चौथ्यावर जाऊन उभी राहिली. मेकॅनिकने टाळी वाजवली. मलाही हायसं वाटलं, अगदी खरं सांगते. काका मात्र भिंतीला टेकून खालीच बसला.

"हिची काकू होती तेव्हाही गाडी अशी थांबायची," तो म्हणाला. "मजला गजबजलेला होता, कोणाच्या ध्यानात यायचं नाही. मी नोकरीला नवा होतो तेव्हा एकदा अशीच थांबली. जाळी उघडली तर समोर एक मुलगी, हाताला प्लास्टर लागलेलं. म्हणाली, मी बटण दाबलंच नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी ती हसली आणि आत आली." त्याने हातमोजेंकडे पाहिलं. "मग तेव्हा कोण बोलावत होतं हो?"

"कोणीच नाही, काका. हिशेबाची चूक."

काकाने तो शब्द दोनदा पुटपुटला. म्हातारपणी माणसाला त्याचा संसार म्हणजे चूक होती असं सांगू नये, तेही हातमोजे घालून.

मालक भले गृहस्थ. त्यांनी निर्णय काकावर सोडला. "तुमच्या मनात नसेल तर राहू दे ती तिथे," ते म्हणाले, "भाडेकरूंना मी सांभाळतो." हातमोजेंचा जीव वरखाली झाला. या उष्णतेत ती एक दिवस जळून जाईल, मग तुम्हालाही नाही आणि जगालाही नाही, असं ते काकुळतीला येऊन सांगू लागले.

"तुम्ही काय करणार तिचं?" काकाने विचारलं.

"काचेच्या पेटीत ठेवीन. तळहातावरच्या फोडासारखी जपीन. पुन्हा कधी वीज लावायची नाही. हिच्या तारेचा एक पाय वाकला तरी मोल जातं."

"न्या," काका म्हणाला. "मी आपला उगाच दार उघडत बसलो."

त्याने स्वतः गाडी रिकामी सातव्यावर नेऊन उभी केली, जाळी ओढली आणि आमच्याबरोबर गच्चीवर आला. मेकॅनिकने मुख्य स्विच पाडला; चिपच्या जागी दुसरी बसेपर्यंत गाडी बंदच राहणार होती. हातमोजेंनी श्वास रोखून चिप उचलली, काळ्या स्पंजवर ठेवली, डबी कोटाच्या आतल्या खिशात घातली आणि सगळ्यांशी हात मिळवून ते घाईघाईने जिना उतरून गेले. आम्ही कपाट लावून मागून निघालो. काका पुढे, मी आणि मेकॅनिक मागे.

सातव्यावर गाडी नव्हती. जाळीतून नुसते तारांचे दोर दिसत होते, अजून थोडे थरथरत होते. सहाव्यावर नव्हती. पाचव्यावरही नव्हती.

ती चौथ्यावर उभी होती. बोळाच्या फरशीशी अगदी समतल, आतला दिवा विझलेला.

"ब्रेक ढिला असणार," मेकॅनिक म्हणाला. "रिकामी गाडी सुटली की..." आणि तो थांबला.

"सुटली की काय?"

"वर जाते. दोराच्या दुसऱ्या टोकाचं लोखंडी वजन तिच्यापेक्षा जड असतं. रिकामी खाली येतच नाही. खाली यायची तर आत..." पुढचं त्याने गिळलं. तो जाळीपासून दोन पावलं मागे सरकला.

काकाने जाळी सरकवली आणि आत गेला. त्या अंधारात त्याने तळमजल्याचं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मग सगळी बटणं दाबली, एकामागून एक, तळहाताने. गाडी ढिम्म हलली नाही. मी जिन्याच्या खिडकीकडे धावले आणि "थांबा! अहो, थांबा!" म्हणून बेंबीच्या देठापासून ओरडले. हातमोजेंची मोटार फाटकातून वळून रस्त्याच्या गर्दीत शिरली होती.

मी परत आले तेव्हा काका आत तसाच उभा होता. कोणाशी तरी बोलत होता, अगदी हळू, जेवताना बोलायचा तसा.

"अगं, थोडं आधी यायचंस," तो म्हणत होता. "आता तुला मी खाली कसा नेऊ?"